आत राहता की बाहेर? : ऑटिझम, स्किझोफ्रेनिया आणि समाजाचा शिक्का

ठाण्यात वाढलेल्या माझ्या पिढीला एक विनोद तोंडपाठ आहे. दादर-गिरगावकडच्या कोणाशी नवी ओळख झाली आणि आपण ठाण्याचे असल्याचे सांगितले, की समोरचा डोळे मिचकावून विचारत असे, ‘ठाण्यात कुठे? आत राहता की बाहेर?’ ‘आत’ म्हणजे मनोरुग्णालयाच्या भिंतीआड, हे वेगळे सांगावे लागत नसे. ‘याला आता ठाण्याला पाठवा’ हे वाक्य मुंबईच्या घरांत आणि कचेऱ्यांत जितके सहज बोलले जाई, तितक्याच सहजपणे पुण्याकडे येरवड्याचे नाव निघे. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत आणि ठाण्याचे १९०१ साली सुरू झाले, एवढाच त्या विनोदाला आधार. आम्ही ठाणेकरही त्यावर हसत असू, कारण चिडलो असतो तर ‘बघा, म्हटले नव्हते का?’ हे ऐकावे लागले असते.

त्या न चिडण्यातली गोम मला पुष्कळ उशिरा कळली. ज्याच्यावर वेडाचा शिक्का बसतो त्याचा राग, त्याचे रडणे, त्याची तक्रार आणि त्याचा साधा नकारसुद्धा त्या शिक्क्याचा पुरावाच ठरतो. शहराची यातून सुटका झाली; घोडबंदर रस्त्यावर टॉवर उभे राहिले, जागांचे भाव चढले आणि विनोद शिळा झाला. ज्यांना खरोखर ऑटिझम किंवा स्किझोफ्रेनिया आहे, त्यांची सुटका इतक्या सहजासहजी होत नाही.

या अनुभवाला इंग्रजीत ‘स्टिग्मा’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ टोचून किंवा डागून केलेली खूण असा आहे. गुलामांच्या आणि गुन्हेगारांच्या अंगावर ती करत, म्हणजे ते दुरूनही ओळखू येत. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ साली याच नावाच्या पुस्तकात दाखवून दिले, की अंगावर काही नसले तरी लोकांच्या मनात अशी खूण असू शकते आणि माणसाची बाकी सगळी ओळख तिच्यामागे झाकली जाते. पुस्तकी मराठीत आपण कलंक किंवा लांच्छन म्हणतो. बोलताना मात्र ‘शिक्का बसला’ म्हणतो आणि मला तोच शब्द अधिक नेमका वाटतो. शिक्का कागद स्वतःवर मारून घेत नाही. तो दुसरा कोणी मारतो, एकदा बसला की पुसत नाही, आणि पुढच्या प्रत्येक टेबलावर कागद वाचण्याआधी शिक्काच पाहिला जातो.

एकाच डॉक्टरचे दोन शब्द

ऑटिझम आणि स्किझोफ्रेनिया यांचा एकत्र विचार करण्याला एक ऐतिहासिक कारण आहे. हे दोन्ही शब्द एकाच माणसाने घडवले. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९०८ साली बर्लिनमधील एका व्याख्यानात ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द मांडला, आणि या आजारातील रुग्ण बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून स्वतःच्या आतल्या जगात शिरतो, त्या लक्षणासाठी पुढे ‘ऑटिझम’ हा शब्द वापरला. १९४३ साली अमेरिकेत बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करताना तोच शब्द उचलला. त्यानंतरची काही दशके अशा मुलांना सर्रास ‘बालपणीचा स्किझोफ्रेनिया’ झाल्याचे सांगितले जाई. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली ती थेट १९८० साली.

आज आपल्याला माहीत आहे की या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ऑटिझम ही मेंदूची लहानपणापासूनचीच वेगळी घडण असते. तिच्या खुणा बहुधा वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत दिसू लागतात: बोलणे उशिरा येणे किंवा वेगळ्या तऱ्हेने येणे, नजरेला नजर न देणे, एकच कृती पुन्हापुन्हा करणे, ठरलेला क्रम बदलला की कासावीस होणे, आणि आपल्याला किरकोळ वाटणारा आवाज, उजेड किंवा स्पर्श सहन न होणे. काही ऑटिस्टिक माणसे आयुष्यभर बोलत नाहीत, तर काही उत्तम इंजिनियर असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात साधारण १२७ माणसांमागे एक जण ऑटिस्टिक आहे. हा ताप किंवा कावीळ यांसारखा आजार नाही, त्यामुळे तो ‘कधी बरा होणार’ हा प्रश्नच गैरलागू आहे. संवाद, शिक्षण आणि स्वावलंबन यांसाठी मदत मात्र पुष्कळ करता येते.

स्किझोफ्रेनिया हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. तो बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो, म्हणजे तोवर शाळेत हुशार असलेला, क्रिकेट खेळणारा, चारचौघांसारखा मुलगा बदलू लागतो. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्याविरुद्ध कट करत आहेत अशी खात्री पटते, बोलण्याचा धागा तुटतो. याहून कमी माहीत असलेली लक्षणे म्हणजे उमेद आटणे, अंघोळ टाळणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे आणि दिवसचे दिवस खोलीत पडून राहणे. आजारातल्या या भागाला घरात ‘आळशीपणा’ हे नाव पडते आणि उपचाराऐवजी टोमणे सुरू होतात. एकाच माणसात दोन व्यक्ती वावरत असणे म्हणजे स्किझोफ्रेनिया, ही समजूत चित्रपटांनी पसरवलेली असून ती साफ चुकीची आहे. जगभरात दोन कोटींहून अधिक लोकांना हा आजार आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की त्यांतील किमान एक तृतीयांश माणसे पूर्णपणे सावरू शकतात.

मराठीत या दोहोंसाठी स्वमग्नता आणि छिन्नमनस्कता हे शब्द आहेत. दोन्ही संस्कृतनिष्ठ, घडवायला कष्ट पडलेले, आणि माझ्या मते दोन्ही थोडे अन्यायकारक आहेत. ‘स्वमग्न’ म्हटले की स्वतःतच रमलेला, इतरांची पर्वा नसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात अनेक ऑटिस्टिक मुलांना मित्र हवे असतात, मैत्री करण्याची आपली पद्धत त्यांना उमगत नाही आणि त्यांची पद्धत आपल्याला उमगत नाही. ‘छिन्न’ या शब्दात तर तुकडे झालेले मनच दिसते, म्हणजे पुन्हा त्या दुहेरी व्यक्तिमत्त्वाच्या चित्रपटाकडेच बोट जाते. शब्दाचे हे ओझे जपानने गांभीर्याने घेतले. तेथेही आजाराच्या नावाचा अर्थ ‘मनाची फाळणी’ असाच होता. रुग्णांच्या कुटुंबीयांनी पाठपुरावा केला आणि २००२ साली ते नाव अधिकृतपणे बदलून ‘समन्वयाचा बिघाड’ अशा अर्थाचे नवे नाव स्वीकारण्यात आले. त्यानंतर रुग्णाला त्याच्या आजाराचे नाव स्पष्टपणे सांगणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाण वाढले, कारण जुने नाव उच्चारणे डॉक्टरांनाही जड जात होते.

दोष आणि भय

एकाच कुळातले हे शब्द असले, तरी आपला समाज या दोघांविषयी उलट्या दिशांनी चुकतो. ऑटिस्टिक मुलाला पाहिल्यावर लोकांच्या मनात पहिल्याने येतो तो दोष, आणि तो दोष मुलाला वळण न लावणाऱ्या आईवर जातो. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाला पाहिल्यावर पहिल्याने येते ते भय.

आईला दोष देण्याचे पाप केवळ आपल्या वाड्या-चाळींचे नाही, विज्ञानाच्या नावाखालीही ते झाले आहे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविकारतज्ज्ञ विदुषीने स्किझोफ्रेनिया ‘घडवणारी’ आई अशी कल्पना मांडली. पुढे थंड, माया न करणाऱ्या आईमुळे मूल ऑटिस्टिक होते हे मत बालमानसतज्ज्ञ म्हणून गाजलेल्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी लोकप्रिय केले आणि अशा मातांना ‘रेफ्रिजरेटर मदर’ हे निर्दय नाव पडले. स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली या मताला सप्रमाण आव्हान दिले, आणि आज ही दोन्ही मते शास्त्रीय दृष्ट्या मोडीत निघाली आहेत. आपल्याकडे मात्र ती वेश बदलून नांदतात. ‘आई नोकरीला जाते ना, मग मूल बोलणार कोणाशी?’, ‘जेवताना मोबाईल हातात दिला की असेच व्हायचे’, ‘गरोदरपणात ग्रहण पाळले नव्हते का?’ ही वाक्ये ज्या आईने ऐकली नाहीत, अशी ऑटिस्टिक मुलाची आई मला अजून भेटलेली नाही. बोलणाऱ्यांत बहुधा घरातलीच माणसे असतात.

दोषाचे रूप किती पटकन पालटते, ते मी एकदा ठाणे-वाशी लोकलमध्ये पाहिले. दुपारची वेळ होती, गाडीला फारशी गर्दी नव्हती. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा दाराजवळच्या बाकावर आईच्या शेजारी बसला होता, कानांवर मोठे हेडफोन होते आणि प्रत्येक स्टेशन येण्याच्या काही क्षण आधी तो स्पीकरमधल्या बाईंच्याच सुरात घोषणा करत होता: ‘पुढील स्टेशन, ऐरोली. अगला स्टेशन, ऐरोली.’ मग इंग्रजीतून. मग दोन्ही हात पंखांसारखे हलवून तो थांबे आणि खरी घोषणा ऐकून समाधानाने मान डोलावे. समोरच्या बाई ऐरोली येईपर्यंत गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘एवढा मोठा मुलगा आहे, जरा शिस्त लावा की हो. सगळ्यांना त्रास होतोय.’ आईने थकलेल्या पण सरावलेल्या आवाजात सांगितले, ‘ताई, तो ऑटिस्टिक आहे.’ रबाळे येईपर्यंत त्या बाईंचा सूर पालटलेला होता. ‘अगं बाई! दिसतो किती छान! बिचारा. काही कळतं का गं त्याला?’ असे म्हणत त्यांनी पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला आणि मुलाला न विचारता त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो तत्काळ उचलून आईच्या मांडीवर ठेवला आणि घणसोलीची घोषणा सुरू केली.

एका स्टेशनात दोषाची दया झाली होती, एवढाच काय तो फरक पडला. दोन्ही वेळा त्या बाई बोलल्या त्या आईशी, आणि मुलाबद्दल, तो तेथे बसलेला असताना. ‘काही कळतं का त्याला’ हा प्रश्न त्याच्या कानांवर पडत होता, आणि न बोलणाऱ्या किंवा वेगळे बोलणाऱ्या मुलांना आपण समजतो त्याहून बरेच अधिक समजत असते, हे त्यांच्यासोबत काम करणारा कोणीही सांगेल. अशी आई दिव्यांगांच्या डब्यात चढली तर तेथे प्रश्न उलटा येतो: ‘याला काय झालंय? हातपाय तर धड आहेत.’ डोळ्यांना न दिसणाऱ्या अपंगत्वाची ही नेहमीची कुचंबणा आहे. साध्या डब्यात तो ‘जास्त’ वेगळा ठरतो आणि राखीव डब्यात ‘पुरेसा’ वेगळा ठरत नाही.

येथे एखाद्या लेखकाने सांगितले असते की पुढे गाडीतला स्पीकर बंद पडला आणि त्या मुलाच्या घोषणांमुळे एका आजोबांना योग्य स्टेशनावर उतरता आले. तसे काही घडले नाही. त्याच्या घोषणांचा कोणाला काही उपयोग नव्हता. ऑटिस्टिक माणसात एखादी अचाट बुद्धी दडलेली असली पाहिजे, ही अपेक्षाही शिक्क्याचाच एक सोनेरी प्रकार आहे, कारण अफाट स्मरणशक्ती किंवा गणिती चमत्कार दाखवू न शकणाऱ्या बहुसंख्य मुलांना ती पुन्हा एकदा कमी लेखते.

मुलुंडहून आणलेल्या गोळ्या

भयाचे काम अधिक गुपचूप चालते. नौपाड्यात राहणारे माझ्या परिचयाचे एक कुटुंब आहे. घरातला धाकटा मुलगा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आजारी पडला. सुरुवातीचे दीड वर्ष ‘अभ्यासाचा ताण’, मग ‘वाईट संगत’, मग ‘कोणी काही केले असेल’ अशा निदानांत गेले. ‘बाहेरचे’ बघणाऱ्या तिघांकडे जाऊन झाले, आणि मगच मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्यात आले. हा विलंब फार महागात पडतो. पहिल्या लक्षणापासून पहिल्या औषधापर्यंत जितका काळ जातो, तितके सावरणे अवघड होत जाते, असे जगभरातील अभ्यास सांगतात. तो काळ लांबण्यात अज्ञानाचा वाटा असतोच, पण ‘डोक्याच्या डॉक्टरकडे नेले असे कोणाला कळले तर’ या धास्तीचा वाटा मला त्याहून मोठा दिसतो.

औषधे सुरू झाली आणि मुलगा सावरू लागला. आता प्रश्न आला गोळ्या आणायच्या कोठून. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला या घराच्या तीन पिढ्या माहीत. त्याने चिठ्ठीवरचे नाव वाचले असते. म्हणून वडील दर महिन्याला लोकलने मुलुंडला जात आणि तिथल्या अनोळखी दुकानातून गोळ्या आणत. घरी आल्यावर आई त्या पट्टीतून सोडवून व्हिटॅमिनच्या जुन्या बाटलीत भरत असे, कारण धुणीभांडी करणाऱ्या मावशी फडताळ पुसतात. मुलगा सहा आठवडे रुग्णालयात होता, तेव्हा तो बंगळुरूला ट्रेनिंगला गेल्याचे सोसायटीत सांगितले होते. एका पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या, वडिलांचे गुडघे दुखत होते, मुलुंडची फेरी आठवडाभर लांबली आणि गोळ्या संपल्या. तिसऱ्या आठवड्यात आवाज परतले.

वरवर पाहता औषध चुकल्याने आजार उलटला. नीट पाहिले तर तो उलटला नौपाडा ते मुलुंड या अंतरामुळे, आणि ते अंतर आजाराने निर्माण केलेले नव्हते. गॉफमन यांनी कुटुंबावर पसरणाऱ्या अशा शिक्क्याचाही विचार केला आहे: ज्याला आजार नाही, तोही आजारी माणसाच्या नात्यामुळे डागाळतो आणि लपवाछपवीत ओढला जातो. सर्वांत आतला थर रुग्णाचा स्वतःचा असतो. लहानपणापासून ‘वेडा’ या शब्दाला तोही हसलेला असतो. आता तोच शब्द त्याला स्वतःवर लावावा लागतो. मग ‘अर्ज करून काय उपयोग’ असे म्हणत तो नोकरीचा अर्जच करत नाही, आणि लोक म्हणतात, ‘पाहा, काही करतच नाही.’

या भीतीला आधार किती? स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसे कधीही कोणावर हात उगारत नाहीत. हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची त्यांची शक्यता अधिक असते. उपचार नसताना आणि विशेषतः दारू किंवा अंमली पदार्थांची जोड असताना धोका काहीसा वाढतो, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र एखाद्या हल्ल्याच्या बातमीत आरोपी ‘मनोरुग्ण असल्याचे समजते’ ही ओळ तपास सुरू होण्याआधीच छापली जाते, आणि शेकडो मनोरुग्ण आज वेळेवर कामावर गेले ही बातमी कधीच होत नसते. त्यातून जो हिशेब वाचकाच्या मनात जमा होतो, तो खरा कसा असेल? औषधांचे दुष्परिणामही या भयात भर घालतात. काही गोळ्यांनी हात थरथरतो, चाल ताठर होते, चेहरा निर्विकार होतो. काहींनी वजन भराभर वाढते. पाहणाऱ्याला वाटते, ‘चालण्यावरूनच कळते, वेडा आहे.’ प्रत्यक्षात ती खूण आजाराची नसून उपचाराची असते.

‘घरात कोणाला काही नाही ना?’

लग्नाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. त्यातला ‘काही’ हा शब्द मराठीतल्या सर्वांत भित्र्या शब्दांपैकी एक असावा. कोड, फिट्स, क्षय आणि वेड ही सगळी त्यात मावतात आणि कोणालाच नाव घ्यावे लागत नाही. वर सांगितलेल्या मुलाच्या बहिणीची दोन स्थळे या ‘काही’वर फिरली. यामागची आनुवंशिकतेची भीती आकड्यांत मांडली तर निम्मी विरते. आईवडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक धरतात, म्हणजे दहांतले नऊ जण त्यातून सुटतात. ज्या मुलीच्या भावाला हा आजार आहे, तिच्या मुलांच्या बाबतीत ती शक्यता याहून बरीच कमी असते. मधुमेहाची आनुवंशिकता माहीत असूनही त्यावरून लग्न मोडल्याचे आपण फारसे ऐकत नाही.

दुसऱ्या टोकाला ‘लग्न करून द्या, आपोआप ताळ्यावर येईल’ असा सल्ला देणारे असतात. या सल्ल्याने आजवर किती मुलींची फसवणूक झाली असेल, त्याची गणती नाही. आजार लपवून केलेले लग्न दोघांवरही अन्याय करते, कारण नव्या घरात गोळ्या घेण्याचीही चोरी होते आणि आजार उलटतो.

या बाबतीत कायद्याचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार घटस्फोटाच्या कारणांतील मनोविकाराच्या व्याख्येत स्किझोफ्रेनियाचे नाव घालून उल्लेख आला. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केले की नुसते निदानाचे नाव पुरेसे नाही. आजाराची तीव्रता इतकी असली पाहिजे की जोडीदाराने एकत्र राहावे अशी अपेक्षा करणेच अवाजवी ठरावे. पुढे अपस्माराचा अडसर १९९९ साली या कायद्यातून निघाला, कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली वगळले गेले. स्किझोफ्रेनियाचे नाव अजून तेथेच आहे.

घर भाड्याने घेताना, नोकरीच्या मुलाखतीत, शाळेच्या प्रवेशाच्या वेळी हाच ‘काही’ वेगवेगळ्या तोंडांनी बोलतो. शाळा सरळ नकार देत नाहीत. ‘आमच्याकडे त्याच्याकडे नीट लक्ष दिले जाणार नाही हो, तुमच्याच काळजीपोटी सांगतो’ असे म्हणतात. त्याहून गंभीर प्रकार दवाखान्यात घडतो. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाने छातीत दुखत असल्याचे सांगितले की ते ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून दिले जाते, आणि न बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलाने डोके आपटले तर दाढ दुखते का, हे पाहण्याआधी ‘ऑटिझममुळे होते’ असे सांगितले जाते. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांना अकाली मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो, आणि त्यामागे बऱ्याचदा हृदयविकार, मधुमेह, संसर्ग असे शारीरिक आजार असतात, जे वेळीच तपासले गेले असते तर आटोक्यात येऊ शकले असते.

कायदा पुढे, कागद मागे

शिक्क्याचे टोक गाठले की काय होते, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहात झोपडीला पहाटे आग लागली आणि साखळ्यांनी बांधून ठेवलेल्या २८ मनोरुग्णांचा मृत्यू झाला. त्यांना पळता आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी केली, आणि शारीरिक आजारांना मिळतो तसाच आरोग्य विमा मानसिक आजारांनाही मिळाला पाहिजे असे विमा कंपन्यांवर बंधन घातले. त्याआधीच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले असून त्यांत ऑटिझम आणि मानसिक आजार दोन्ही आहेत. सरकारी नोकऱ्यांतील दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का ज्या गटासाठी आहे, त्यात हे दोन्ही येतात. तरीही पुष्कळ कुटुंबे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र काढत नाहीत, कारण त्या कार्डावर ते शब्द छापले जातात. हक्क मिळवायचा तर शिक्का स्वतःच्या हाताने मारून घ्यावा लागतो, असा हा पेच आहे, आणि जी आई तो अर्ज न भरता परत येते तिला मी तरी नावे ठेवणार नाही.

सोयीही अगदीच नाहीत असे नाही. ज्या ठाण्याच्या नावाचा विनोद होत होता, त्याच शहरात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ जाणे हे मध्यमवर्गीय ठाणेकराला हळूहळू बोलण्याजोगे झाले. वाशीत नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचे ईटीसी केंद्र आहे, खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

शिक्का कशाने पुसट होतो?

‘हा मेंदूचा आजार आहे, कोणाचा दोष नाही’ असे समजावून सांगितले की गैरसमज जातील, असे अनेक वर्षे मानले गेले. त्याचा परिणाम मिश्र निघाला. असे सांगितल्यावर लोक रुग्णाला दोष देणे कमी करतात, हे खरे. पण ‘मेंदूच बिघडला आहे, मग हा कधी सुधारणार नाही आणि कधी काय करील याचा नेम नाही’ असा अर्थही काढतात, आणि अंतर राखण्याची इच्छा कमी होत नाही. प्रौढांच्या बाबतीत माहितीपत्रकांपेक्षा प्रत्यक्ष ओळख अधिक उपयोगी पडते, असे अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसले आहे. ही ओळख बरोबरीच्या नात्याने व्हावी लागते. दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीत विशेष शाळेतील मुलांनी रंगवलेल्या पणत्यांचे टेबल लागते आणि सगळे आवर्जून खरेदी करतात. पण बोलणे होते ते शिक्षिकेशी, आणि पणती रंगवणारा मुलगा टेबलामागे उभा राहतो. त्याच मुलाला आठ दिवसांनी लिफ्टमध्ये पाहून तीच मंडळी ‘आम्ही पुढच्या वेळी येतो’ म्हणत मागे सरतात.

लिफ्टमध्ये नेमके काय करावे, असे मला विचारले जाते, म्हणून लिहितो. ऑटिस्टिक मुलाशी बोलायचे तर त्याच्याशीच बोलावे, लहान वाक्यांत, आणि उत्तरासाठी जरा जास्त वेळ थांबावे. पाठीवर थाप किंवा गालाला हात नको. तो कोसळून रडत असेल तर ‘काही हवे आहे का’ एवढे आईला विचारून बाजूला व्हावे, गोळा होऊन पाहू नये. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाला आवाज ऐकू येत असतील तर ‘असे काही नाही’ म्हणून वाद घालू नये आणि ‘हो, मलाही ऐकू येतात’ असे खोटेही बोलू नये. ‘मला ऐकू येत नाही, पण तुम्हाला त्रास होतोय हे दिसते आहे’ इतके पुरते. एरवी त्याच्याशी पाणी, पार्किंग, क्रिकेट अशा ज्या विषयांवर आपण कोणाशीही बोलतो, त्याच विषयांवर बोलावे.

नौपाड्यातल्या त्या कुटुंबाचे वडील आता सत्तरीला आले आहेत. मुलगा एका लेखापालाकडे अर्धा दिवस काम करतो. गेल्या पावसाळ्यात गाड्या पुन्हा बंद झाल्या तेव्हा तो स्वतःच चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. आई गॅलरीत उभी राहून पाहत होती. औषधवाल्याने चिठ्ठी वाचली, मागच्या कप्प्यात हात घातला आणि विचारले, ‘पंधरा दिवसांच्या देऊ की महिन्याच्या?’